‘माझं इंग्रजी कच्चं आहे; माझा कोड कोण घेणार?’

गेल्या काही वर्षांत दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांतून येणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकच काळजी घेऊन माझ्यासमोर, म्हणजे समुपदेशकासमोर, बसतात. मुक्त स्रोत प्रकल्पात (ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काम करावे, त्यातून नवख्यांना अशा प्रकल्पांत मानधनावर काम देणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’सारख्या उपक्रमात निवड व्हावी असे त्यांना वाटते, पण ‘आधी सगळे शिकतो, मग लिहितो’ असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. अशाच एका विद्यार्थ्याची ही हकिकत त्याच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून देत आहे.

तिसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाला एका मुक्त स्रोत प्रोग्रॅममधला दोष सापडला होता: तारखेच्या रकान्यात देवनागरी अंक टाकले की प्रोग्रॅम बंद पडत असे. दोष कळवणारा मजकूर त्याने लिहूनही ठेवला होता, पण चार महिने तो पाठवलाच नव्हता.

“सर, तिथं सगळ्या जगाले दिसते. एक वाक्य चुकलं तं कायमचं राहते.”

पहिल्या तीन भेटी इंग्रजीवरच खर्ची पडल्या आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, मीही त्या वाटेने भरकटलो. चौथ्या भेटीत मी सहज कपाशीची चौकशी केली. बोंडअळी दिसल्यावर तो स्वतः कृषी केंद्रात जाऊन आला होता.

“तिथं काय सांगितलंस?”

“वाण सांगतलं, पेरा कधीचा ते सांगतलं, आधीची फवारणी सांगतली. किडलेलं बोंडच घेऊन गेलो होतो.”

“दुकानात माणसं असतील. लाज नाही वाटली?”

“लाज कायची? सांगतलं नाही तं औषध कोनतं देईन तो?”

एवढे बोलून तो थांबला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मी मुद्दाम काही बोललो नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडले की हाती आलेले निसटते, हे मला उशिरा उमगले आहे. मग तोच हळूच म्हणाला, “म्हंजे आवृत्ती कोनती, काय केलं, काय व्हायले पाहिजे होतं अन् काय झालं, एवढंच ना?”

एवढेच. दोष कळवण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही, आणि हे कौशल्य त्याच्या अंगी शेताच्या बांधावरच आले होते. त्याला इंग्रजीची भीती नव्हतीच. विचारणे म्हणजे परीक्षा देणे, ही वर्गात भिनलेली समजूत त्याला अडवत होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी माणसाच्या स्वतःवरील विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार स्वतःच्या हातून घडलेले काम हाच मानला. मी त्यांच्या पक्षाचा असल्याने ‘तुला जमेल’ असे म्हणणे शक्यतो टाळतो.

त्याच आठवड्यात मजकूर गेला. उत्तरादाखल एक प्रतिप्रश्न आला. व्याकरणाबद्दल अवाक्षर नव्हते. पुढे दुरुस्तीही त्यानेच पाठवली, तेव्हा प्रकल्पातल्या कोड तपासणाऱ्याने तीन बदल सुचवले. “चुका काढल्या, सर,” असा त्याचा पडलेल्या आवाजात फोन आला. कोड वाचल्याशिवाय कोणी चुका काढत नाही, एवढेच मी म्हणालो.

मग वडील आले. “पोरगं रातभर काम करते अन् पैसा एक नाही. कोनाचं काम करते हे?” प्रश्न रास्त होता, म्हणून त्यांना मी नीट माहिती दिली. २००५ साली सुरू झालेला ‘गूगल समर ऑफ कोड’ २०२२ पासून विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अठरा वर्षांवरील नवख्यांनाही त्यात अर्ज करता येतो आणि काम ठरल्याप्रमाणे झाले की मानधन मिळते. ‘आउटरीची’ या मुक्त स्रोत प्रकल्पांत मानधनावर काम देणाऱ्या दुसऱ्या उपक्रमात तर अर्जाच्या काळातच प्रकल्पाला प्रत्यक्ष हातभार लावावा लागतो. दोन्हींत अर्जाचे शुल्क नाही. कोणी मागितले तर पैसे देऊ नयेत. तरीही निवडीची हमी कोणीच देत नाही, त्यामुळे पदवीचा अभ्यास सोडून यामागे लागणे मला मान्य नाही. अर्जाच्या तोंडावर दहा प्रकल्पांत डोकावण्यापेक्षा काही महिने आधीपासून एकाच प्रकल्पात लहान कामे करत राहावे, म्हणजे मार्गदर्शकांना आपले काम माहीत होते आणि आपल्यालाही त्यांची रीत कळते.

पहिल्या वर्षी अशा उपक्रमासाठीचा त्याचा प्रस्ताव नाकारला गेला. मी सांत्वनाच्या तयारीने बसलो होतो. त्याने मात्र पुढच्या प्रस्तावाचे वेळापत्रक टेबलावर पसरले आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यांत येते, तिचे काय करायचे, एवढेच विचारले.