घरी टम्बलर करायचा तर मोटर किती एचपीची घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: खानापूर तालुक्यात जुन्या मोटरसायकली दुरुस्त करता, गंजलेले नट-बोल्ट, वॉशर, क्लॅम्प ब्रशनं घासून हात भरून येतात, म्हणून घरीच टम्बलर, म्हणजे माल घासून साफ करणारा फिरता ड्रम, करायचा आहे. मोटर किती एचपीची लागेल आणि कार्बोरेटरही त्यात टाकता येईल का?

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, कास्टिंगची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढायला आमच्याकडं असाच फिरता ड्रम, म्हणजे बॅरल, रोज चालतं. एचपीचा प्रश्न सोपा आहे: अर्धा एचपी भरपूर झाला. खरा प्रश्न आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या याचा आहे आणि बहुतेकांचं तिथंच बिघडतं.

ड्रम फिरतो तेव्हा आतला माल एका बाजूनं वर चढतो आणि वरचा थर घसरत खाली येतो. गंज निघतो तो या घसरणाऱ्या थरात. खाली दबलेला माल नुसता प्रवास करत असतो. वेग वाढवला की घसरण्याऐवजी माल उचलून आपटायला लागतो, बोल्टचे आटे ठेचले जातात. आणखी वाढवला तर सगळा माल भिंतीला चिकटूनच फिरतो, सफाई शून्य. हा चिकटण्याचा वेग काढायचं सूत्र आहे: ४२.३ ला ड्रमच्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळानं भागायचं. ३०० मिमी ड्रमला उत्तर येतं सुमारे ७७ आरपीएम. आपल्याला त्याच्या निम्मा, म्हणजे ४० च्या आसपास पाहिजे.

तो मिळवायचा असा. ड्रम रोलरांवर आडवा ठेवायचा; मोटर बेल्टनं रोलर फिरवते आणि रोलर ड्रमला. वडगाव-खासबागकडं जुन्या यंत्रमागांच्या मोटारी भंगारात येतात, त्यात ९६० आरपीएमची बघा. पण थ्री फेज आहे का सिंगल, हे आधी विचारा, नाहीतर घरी आणून शोभेला राहील. मोटरवर ३ इंची पुली, रोलरच्या शाफ्टवर १२ इंची, म्हणजे शाफ्ट २४० वर आला. रोलर रबरासकट ५० मिमी ठेवा. ३०० चा ड्रम त्याच्या सहापट, म्हणून ड्रम साधारण ४० वर फिरतो. १४४० ची मोटर असेल तर मध्ये आणखी एक पुलीची जोडी घालावी लागेल.

ड्रमला १२ इंची पाइपाचा ४०० मिमी लांब तुकडा घ्या, नाहीतर ३ मिमी पत्रा रोल करून घ्या. आतून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब चिकटवा. आवाज निम्म्यावर येतो, शेजारी भांडायला येत नाहीत. ट्यूबवर लांबीच्या दिशेनं १२-१५ मिमी उंचीच्या तीन-चार पट्ट्या बोल्टनं बसवा, नाहीतर गुळगुळीत भिंतीवर माल नुसता घसरतो, चढतच नाही. फ्रेम अँगलची, रोलरच्या शाफ्टला बेअरिंग यूसीपी २०४ (२० मिमी शाफ्टचं, बैठकीसकट येणारं). ड्रम फिरता फिरता बाजूला सरकतो, म्हणून दोन्ही टोकांना अडवायला एकेक छोटं बेअरिंग लावा. बेल्टवर जाळी आणि वायरिंगला अर्थिंग व आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय पाण्याचं काम सुरू करू नका.

आत घालायला काळ्या दगडाची बारीक खडी चालते. आपल्याकडं जांभा पायलीला पन्नास मिळतो, पण तो नको. तासाभरात त्याचा लाल चिखल होतो. वाळू कोरडी फिरवू नका, तिची धूळ फुफ्फुसाला कायमची लागते. तीन भाग खडी, एक भाग माल, मिळून ड्रम अर्ध्याला थोडा वर भरायचा. पाणी माल जेमतेम भिजेल इतकं आणि थोडा भांडी घासायचा साबण. हलका गंज दोन-चार तासांत जातो, जुना पापुद्र्याचा गंज रात्रभर घेतो. कान देऊन ऐका: एकसारखी सरसर पाहिजे. धाडधाड ऐकू आलं तर वेग जास्त आहे किंवा ड्रम रिकामा आहे.

ॲसिड बंद ड्रममध्ये कधीच घालू नका, लोखंडाशी हायड्रोजन तयार होऊन दाब वाढतो. ॲल्युमिनियमला धुण्याच्या सोड्यानंही तेच होतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्रही फिरवू नका, ॲल्युमिनियम काळं पडतं.

बाहेर काढल्यावरची घाई महत्त्वाची. आपल्या पावसाळ्यात धुतलेला बोल्ट बघता बघता केशरी होतो. त्यामुळं पाण्यानं खळखळून लगेच भाताच्या तुसात फिरवा. तुमच्या भागात राइस मिलवर ते सहज मिळतं. तूस पाणी ओढून घेतं आणि थोडी चकाकीही आणतं. तूस हाताळताना तोंडाला फडकं बांधा. शेवटी माल तेलात बुडवा.

कार्बोरेटर मात्र नको. जेटच्या बारीक भोकांत खडीचा चुरा बसला की निघता निघत नाही, आणि मऊ बॉडीवर ठोके पडतात ते वेगळेच. बेअरिंग, क्रोम केलेले भाग आणि मापाचे शाफ्टही बाहेरच ठेवा. कार्बोरेटर खोलून क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेनंच साफ करा.