साप डूख धरतो, ही समजूत हिंदी सिनेमाने पसरवली का?

माझी आजी उभ्या जन्मात टॉकीजची पायरी चढली नाही, पण कुणी जुनं भांडण उकरून काढलं की म्हणायची, "डूख धरून बसलाय मेला." तेव्हा सिनेमाला एवढं श्रेय नको. त्याने केलं ते वेगळंच.

जुन्यात जुना धागा महाभारतात सापडतो. खांडववन जळताना अश्वसेन नावाच्या पोराला त्याची नागीण आई गिळून घेते आणि आकाशात झेपावते. अर्जुन तिचं डोकं उडवतो, पोर निसटतं. पुढे कर्णपर्वात हाच अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर येतो. कृष्ण रथ जमिनीत दाबतो, मुकुटावर निभावतं. अश्वसेन परत येऊन कर्णाला म्हणतो, पुन्हा सोड मला. कर्ण नकार देतो. सिनेमात जोडीदाराचा सूड घेतात, इथे आईचा, एवढाच फरक; बाकी पटकथा तयारच आहे.

पण त्याच ग्रंथात सूडाने पेटलेली माणसंच जास्त भेटतात. बापाला तक्षक डसला म्हणून जनमेजय सगळ्या सर्पकुळाची होळी मांडतो. होणाऱ्या बायकोला, प्रमद्वरेला, साप चावला म्हणून रुरू नावाचा ऋषिपुत्र दिसेल तो साप काठीने ठेचत सुटतो, आणि एके दिवशी डुंडुभ जातीचा एक बिचारा बिनविषारी साप त्याला विचारतो की बाबा, मी तुझं काय वाकडं केलं? जनमेजयाचं सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा तो यज्ञ, थांबवतो आस्तिक. बाप ऋषी, आई वासुकीची बहीण. म्हणजे नागांचा भाचाच मधे पडला.

हे नातं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या नागपंचमीच्या कहाणीतही तेच आहे. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला शेषनाग मामा बनून वारुळात नेतो. नागिणीच्या बाळंतपणात हिच्या हातात दिवा असतो. वळवळणारी पिल्लं बघून ती घाबरते, दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटं भाजतात. पिल्लं मोठी होतात, कारण कळतं, सूड घ्यायला तिच्या घरी येतात. त्या दिवशी नेमकी पंचमी. हिने पाटावर-भिंतीवर नाग काढलेत, दूध-लाह्यांचा नैवेद्य मांडलाय, आणि हात जोडून म्हणतेय, माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा असतील तिथे खुशाल असोत. हे दोघं आडून ऐकतात. मग कसला सूड! दूध पिऊन, नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात. आई ही कहाणी वाचायची तेव्हा 'लांडोबा' ऐकून आम्ही पोरं खिदळायचो. ज्या जखमेचा राग, तीच लाडाचं नाव झालीय, हे फार उशिरा कळलं. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास का करतात, तेही मग उलगडलं.

सिनेमाने डूख तेवढी उचलली आणि भाऊपण गाळलं. 1954 च्या 'नागिन'मध्ये तर इच्छाधारी वगैरे कुणी नव्हतंच, वैर असलेल्या दोन टोळ्यांमधली ती प्रेमकथा. (त्यातली प्रसिद्ध बीन खरी बीन नाही; पुढे संगीतकार झालेल्या कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. तसाही साप पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हलण्यावर डोलतो.) सूडाचा साचा पक्का केला 1976 च्या 'नागिन'ने: मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारेकऱ्यांचे चेहरे उमटतात आणि रीना रॉय एकेकाला गाठते. इथे कुणी आस्तिक येत नाही, कुणी 'भाऊ' म्हणत नाही. अडीच तासांच्या मसाल्याला ते परवडलंही नसतं म्हणा.

प्रत्यक्षात सापाच्या डोळ्याला पापणी नसते, वर पारदर्शक खवला असतो. त्यामुळे मेला तरी तो टक लावून बघतोय असं वाटतं. 'डोळ्यात फोटो' ही समजूत त्यातूनच आली असावी, हा माझा अंदाज. आमच्या आळीत एकाने गोठ्यात निघालेली धामण मारली आणि फोटो राहू नये म्हणून दगडाने तिचे डोळे ठेचले. आजी हळद-कुंकू घेऊन आली, धामणीवर वाहिलं, आणि त्याला म्हणाली, "आता कणगीतले उंदीर तूच धर."