दुसरी येतेय, आणि यावेळी खून खाडीत झालाय

गेल्या अंकात शेवटच्या पानावर चौकटीत दोनच ओळी छापल्या होत्या, की माझी दुसरी रहस्यकादंबरी जानेवारीत येतेय आणि ती कोकणात घडते. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की संपादकांनी या महिन्यापुरतं वाचकांच्या प्रश्नांचं हे सदर मलाच देऊन टाकलं. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, पण निम्म्या लोकांनी एकच गोष्ट विचारलीये, तर तिथूनच सुरू करू.

पहिल्या कादंबरीतले शिरस्तेदार परत येणार ना? ते नसतील तर मी पुस्तक घेणार नाही, आत्ताच सांगते. (वाचक, सांगली)

नाही येणार. सॉरी. पहिल्या पुस्तकातले कोर्टातून रिटायर झालेले शिरस्तेदार, त्यांचा चहा, त्यांची ती जुन्या दाव्यांची पाठ झालेली तारीखवार यादी, हे लोकांना एवढं आवडलं याचा मला आनंदच आहे, पण पुण्यातल्या वाड्यातल्या माणसाला उचलून खाडीकाठी नेऊन ठेवला तर तो तिथे फक्त पाहुणा म्हणून फिरेल आणि गावातला एकही माणूस त्याला खरं सांगणार नाही. प्रकाशकांनीही हेच विचारलं होतं, जरा जास्तच गोड आवाजात.

आणि हे दुखणं जुनं आहे बरं का. अगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक 1920 मध्ये आलं, त्यात तिचा डिटेक्टिव्ह पायरो होता, आणि 1922 मध्ये दुसरं आलं त्यात पायरो नाहीच, टॉमी आणि टपेन्स नावाची दोन तरुण पोरं हेरगिरीच्या भानगडीत पडतात. तिचे प्रकाशक जॉन लेन यांना ते फारसं रुचलं नव्हतं, पहिल्यासारखं नाही म्हणून. पुढच्याच वर्षी तिसऱ्या पुस्तकात पायरो परत आला. उलटं उदाहरण शेरलॉक होम्सचं. 1887 मध्ये होम्सची पहिली कथा एका ख्रिसमस वार्षिकात छापून आली, कॉनन डॉयलना तिच्या सगळ्या हक्कांचे मिळून 25 पौंड मिळाले आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे, ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे होतं. मग 30 ऑगस्ट 1889 ला लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने त्यांना जेवायला बोलावलं, टेबलावर ऑस्कर वाइल्डही होता, आणि त्या जेवणातून दोघांकडून एकेक कादंबरी कबूल करून घेतली गेली. होम्स परत आला तो असा, मागणी होती म्हणून. तर सांगलीकर ताई, शिरस्तेदारांना मी मारलेलं नाही, पुण्यात ठेवलंय. दुसऱ्यात मात्र त्यांचं काम नाही.

मग या वेळी तपास कोण करतं? पोलीसच का? (वाचक, कोल्हापूर)

पोलीस आहेत, पण शोध लावते ती गावची पोलीस पाटील. बाई आहे, पंचावन्न वर्षांची, ओटीवर बसून सुपारी कातरणारी. शहरातल्या खूप वाचकांना पोलीस पाटील ही भानगडच माहीत नसते, त्यांना वाटतं हा पोलिसातला कुणी हुद्दा असेल, तर तसं नाही. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याखाली प्रांताधिकारी नेमणूक करतात, साठाव्या वर्षापर्यंत काम, मानधन मिळतं, खाकी नाही, पट्टा नाही, पण गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवायची जबाबदारी तिची. म्हणजे बघा, सगळ्यात आधी प्रेतापाशी पोचणारी सरकारी व्यक्ती ही, आणि जिच्या दारात संशयित रोज दूध मागायला येतो तीही हीच. रहस्यकथेला यापेक्षा अजून काय हवं? मला तर आश्चर्य वाटतं की आपल्याकडे सगळे खासगी डिटेक्टिव्हच्या मागे लागले आणि हे पद असंच पडून राहिलं.

मी पोलीस खात्यात तीस वर्षं काढली. टीव्हीवर अजूनही 302 चालू आहे. तुमच्या पुस्तकातले हवालदार काय म्हणतात? (निवृत्त हवालदार, सातारा)

नमस्कार साहेब, तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे खुनाला आता 302 नाही तर 103. फसवणुकीचं 420 सुद्धा गेलं, ते 318 मध्ये. (चारसोबीस ही शिवी मात्र कुठलंही सरकार बदलू शकणार नाही.) माझी गोष्ट 2024 च्या ऑक्टोबरात घडते म्हणून नवा कायदा, पण गंमत पुढे आहे. गोष्टीत दोन मृत्यू आहेत, एक आत्ताचा आणि एक 2011 चा, जो तेव्हा अकस्मात मृत्यू म्हणून रजिस्टरला नोंदून फाईल बंद झाली होती. तो जुना खून होता असं निघालं तर गुन्हा आज दाखल होऊनही कलम जुनंच लागतं, कारण गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता तो लागू. म्हणजे एकाच ठाण्यात, एकाच टेबलावर, एका कागदावर 302 आणि दुसऱ्यावर 103. माझ्या गोष्टीतला पीएसआय नवीन आहे आणि त्याला जुने आकडे तोंडपाठ, माझा हवालदार रिटायरमेंटला आलाय आणि त्याने नवे आकडे बनियनच्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवलेत.

अजून एक, झडती आणि जप्तीचं आता व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, कायद्यातच म्हटलंय शक्यतो मोबाईलवर. तर माझ्या गोष्टीत पंचनाम्याचा असा एक व्हिडिओ आहे, हवालदाराच्या हाताने थरथरत काढलेला, आणि त्यात मागे जे दिसतं ते कुणी बघत नाही. एवढंच सांगते, पुढचं नाही.

खाडीच का? कोकणाचा सध्या सगळ्यांनी ट्रेंडच केलाय. (वाचक, नाशिक)

टोमणा कळला. नारळ, भुतं आणि कौलारू घर एवढ्यासाठी मीही कोकणात गेले नसते. खाडीला घड्याळ आहे, आणि ते घड्याळ खोटं बोलत नाही, म्हणून गेले.

जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकाचा जीव यातच आहे. दाभोळ खाडीच्या काठावरचं गाव आहे, नाव बदललंय. दाभोळ ते धोपावे फेरीबोट तुम्ही पाहिली असेल, गाड्या चढतात ती, तर त्याच खाडीत जरा आत. तिथल्या कुठल्याही दर्यावर्दी माणसाला विचारा आज भरती कधी, तो मोबाईल काढत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि सहा तासांनी सुक्ती, म्हणजे ओहोटी, नऊला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, धड चढत नाही धड उतरत नाही. दर दिवशी साधारण 50 मिनिटं पुढे सरकतं हे घड्याळ. अंदाजाचा हिशोब आहे हा, पाच-दहा मिनिटांचा भरवसा नाही, पण तास-दोन तासांची थाप पकडायला पुरतो.

आता समजा कुणी पोलिसांना सांगितलं की मी अमुक दिवशी सकाळी अमुक वाजता होडी घेऊन या धक्क्यावरून निघालो. पीएसआय घाटावरचा आहे, तो मोबाईलचं लोकेशन मागवत बसतो. पोलीस पाटीलबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघते आणि गप्प बसते, कारण त्या वेळेला त्या धक्क्याखाली गुडघाभर चिखल असतो, होडी सोडा, बदक पोहणार नाही. बायका त्या वेळी त्याच चिखलात तिसऱ्या (शिंपल्या) वेचत असतात, कमरेला पाटी बांधून, पायाने चाचपून. म्हणजे साक्षीदार आठ-दहा, पण त्यांना कुणी विचारलेलंच नाही, कारण पोलिसांच्या डोक्यात ‘घटनास्थळी कोणी नव्हते’.

आणि लगेच गणित करून मला मेसेज करू नका, कारण यात अजून एक खुबी आहे. पाऊणपटीचा हिशोब समुद्राच्या तोंडाशी चालतो. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत तर ती पार गोवळकोटच्या बाजूला चिपळूणपर्यंत चढते. गाव तोंडापासून किती आत आहे ते पुस्तकात सांगितलंय. सरळ सांगितलंय, लपवून नाही.

तुम्ही खुनी आधी ठरवता की लिहिता लिहिता? (वाचक, इंदूर)

आधी. लिहिता लिहिता खुनी सापडला की वाचकाला फसवल्यासारखं होतं, आणि मराठी वाचक असं पुस्तक रद्दीत घालतो, बरोबरच करतो. माझ्याकडे एक लांब रजिस्टर आहे, किराणा दुकानात उधारीला वापरतात ते लाल कापडी पाठीचं. डाव्या पानावर खरंच काय घडलं ते तासातासाने, उजव्या पानावर ते वाचकाला कुठल्या प्रकरणात कळलं. उजवीकडे रिकामी जागा राहिली की समजायचं आपण चोरी करतोय. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यात पहिलाच असा की गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच भेटला पाहिजे. बाकीचे नियम मोडा खुशाल, तो मोडू नका. माझा खुनी पहिल्या तीस पानांत येतो, चांगला ठसठशीत येतो, आणि एक वाक्य असं बोलतो की दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही पुस्तक आपटाल.

मेडिकल माहिती कुठून काढता? मी नर्स आहे, मालिका बघताना डोकं फिरतं. (वाचक, लातूर)

आपल्याकडच्या फॉरेन्सिकच्या पाठ्यपुस्तकांतून, आणि एका डॉक्टरांना पिडून. विलायती कादंबऱ्यांतलं जसंच्या तसं उचलणं ही मोठी खोड आहे आपल्या लेखकांची. प्रेताचा ताठरपणा घ्या, थंड देशात तो जास्त टिकतो, आपल्याकडची पुस्तकं उन्हाळ्यात 18 ते 36 तास आणि थंडीत 24 ते 48 असा पल्ला देतात. एवढ्या मोठ्या पल्ल्यातून ‘मृत्यू रात्री 11:40 ला झाला’ असं सांगणारा डॉक्टर फक्त मालिकेतच भेटतो. माझ्या गोष्टीतले डॉक्टर ‘सांगता येणार नाही, व्हिसेरा पाठवलाय’ एवढंच म्हणतात आणि मग सगळे मुंबईतल्या कलिनाच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघत बसतात. ती वाट बघणं मी मुद्दाम ठेवलंय.

आमच्या वडिलांनी लायब्ररीतून आणून आणून अर्नाळकर वाचले. आता मराठीत रहस्यकथा वाचतं कोण? (वाचक, डोंबिवली)

तुम्ही वाचताय की! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड ही नावं आजही साठी ओलांडलेल्या माणसासमोर घ्या, चेहरा बघा कसा फुलतो. पण त्या पुस्तकांना साहित्य म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि ती नाकं मुरडणं अजून संपलेलं नाही, मला स्वतःला एका कार्यक्रमात विचारलं गेलं की ‘गंभीर’ कधी लिहिणार. एका गावातले दोन खून आणि तेरा वर्षांची चुप्पी याहून गंभीर काय असतं, मला खरंच माहीत नाही.

बोलीत आहे का सगळं? आम्हा विदर्भवाल्यांना कळेल ना? (वाचक, अमरावती)

कळेल. निवेदन साधं, संवाद तिकडच्या बोलीत पण हलक्या हाताने.

नाव काय, किंमत काय, ई-बुक येणार का? (बरेच जण)

नावावरून माझं आणि प्रकाशकांचं अजून वाजतंय, त्यांना नावात ‘रक्त’ हवंय, मला नकोय. प्रुफं दोनदा वाचून झाली, मुखपृष्ठ बाकी. प्रकाशनपूर्व सवलत डिसेंबरात सुरू होईल, पुढच्या अंकात जाहिरात येईलच. ई-बुक लगेच नाही, तीन-चार महिन्यांनी. ऑडिओबद्दल बोलणी चालू आहेत, पण भरतीचं गणित कानाने ऐकून किती लक्षात राहील याची मला शंका आहे, त्यामुळे मीच जरा मागे ओढतेय.

मी 81 वर्षांचा आहे. पहिल्या पुस्तकाची अक्षरं मुंगीएवढी होती, भिंग घेऊन वाचलं. या वेळी मोठी करा, नाहीतर खुनी कोण ते मला पत्राने कळवा. (वाचक, मिरज)

आजोबा, तुमचं पत्र मी तसंच्या तसं प्रकाशकांना पाठवलं. टाईप दोन पॉइंटने वाढवलाय, ओळींत जागा सोडलीये, त्यामुळे पानं वाढून किंमत थोडी वर गेलीये, पण ते चालेल असं ठरलं. खुनी कळवणार नाही.