गुहागरला पावसाळ्यात वीज सारखी जाते, लॅपटॉपही जुना आहे. आळीपाळीने चाली करायच्या लढाईच्या गेमपैकी 'एक्सकॉम २' घेऊ की 'इनटू द ब्रीच'?

'इनटू द ब्रीच' घ्या. दोन्ही मी भरपूर खेळलोय. २०१८ चा हा गेम काहीशे एमबीत मावतो, जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि एक लढाई चार-पाच पाळ्यांत आटोपते, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही सहज होते. पण खरी ताकद रचनेत आहे. ८ बाय ८ घरांच्या पटावर शत्रू कुठे वार करणार ते आधीच दिसतं. त्याला मारायलाच हवं असं नाही. त्याला एक घर सरकवलंत की तुम्ही वाचवायच्या इमारतीवर येणारा वार त्याच्याच साथीदारावर बसू शकतो! तुमचा नेम कधीच चुकत नाही, त्यामुळे हरलात तरी कुठली चाल नडली ते लगेच उमगतं. २०१६ च्या 'एक्सकॉम २'मध्ये ८५ टक्के नेम दाखवूनही गोळी हुकते, आणि लढाईत मेलेला सैनिक परत येत नाही. ती धाकधूक 'ब्रीच'मध्ये तेवढी नाही. तीच हवी असेल तर 'एक्सकॉम'च घ्या, फक्त त्याला बरं ग्राफिक्स कार्ड आणि ४५ जीबी जागा लागते. डाउनलोड पावसाच्या आधी उरकून ठेवा.