नव्या गोळीच्या चाचणीत नाव घालण्याआधी

फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर (फुप्फुसं व्रणासारखी कडक होत जाण्याच्या आजारावर) नवं औषध आलंय म्हणून लगेच मडगावहून मुंबईची गाडी पकडू नका. आधी सीटीआरआयच्या (औषध-चाचण्यांच्या सरकारी यादीच्या) नोंदणीत चाचणीचा टप्पा आणि अटी बघा. बऱ्याच ठिकाणी एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेल्या हवेचं माप) अपेक्षित मापाच्या किमान ४५ टक्के लागते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात काढलेल्या एचआरसीटीची (फुप्फुसांच्या बारीक सीटी स्कॅनची) सीडी जपा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यांना भुलू नका: पाम्रेव्हलुमॅब हे याच आजारावरचं औषध तिथे चमकलं, २०२३ मध्ये तिसऱ्यात आपटलं.

चालू गोळ्या मनानं सोडू नका. पिरफेनिडोन ही या आजारावरची नेहमीची गोळी जेवण अर्धं झाल्यावर घ्या. सकाळच्या नुसत्या पेजेवर मळमळतं. शिवाय त्या गोळीवर कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून मासळीबाजारालासुद्धा लांब बाह्यांचा शर्ट!

संमतीपत्र घरी आणून वाचा, प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) किती जणांना ते विचारा.