आधी कढीपत्ता, मग ताडोबा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीतले तुझे फोटो पोचले. दोनशे दहा आहेत. दोन संध्याकाळी बसून सगळे नीट पाहिले, काही तर पुन्हा पुन्हा. सोबत तू एकच प्रश्न विचारला आहेस : "मावशी, आता १५०-६०० घेऊन टाकू का?"

ती मोठी झूम लेन्स नको घेऊस. निदान यंदा तरी नको. का, ते सांगायला हे पत्र.

फोटो पाहताना मी प्रत्येक फोटोची वेळही पाहते. फाइलमध्ये ती नोंदलेली असतेच. कैलास लेण्याचा तुझा पहिला फोटो दहा चाळीसचा आणि शेवटचा अकरा पंचवीसचा. पाऊण तासात चौऱ्याहत्तर फोटो. आणि ताडोब्यातलं ते वानर, सागाच्या खोडाला टेकून बसलेलं, मागून कोवळं ऊन आणि अंगावरच्या केसांची कड उजळलेली? त्या फोटोच्या आधीचे अकरा फोटो त्याच वानराचे, त्याच जागेवरून काढलेले आहेत. सगळे मिळून बावीस मिनिटं. जिप्सी बहुधा वाघाची वाट पाहत थांबली असेल. पण त्या बावीस मिनिटांत ऊन वर चढताना तू पाहिलंस, वानराने मान वळवेपर्यंत थांबलास, आणि नेमक्या क्षणी बटण दाबलंस. दोनशे दहांतला हा एक फोटो मी मोठा करून भिंतीवर लावीन. तो तुझ्या साध्या ५५-२५० लेन्सवरच आला आहे.

आता कैलासाचं बघ. वेरूळची डोंगरकड पश्चिमेला तोंड करून आहे आणि कैलासही पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागून येतो. दर्शनी भाग सावलीत राहतो आणि वरचं आभाळ पांढरंफटक होतं. तुझ्या फोटोंत तेच झालंय : दरवाजा काळा, आभाळ जळालेलं. त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. दुपारी साडेतीन-चारनंतर तिथे जा. उन्हं कलायला लागली की प्रकाश समोरून आत येतो आणि तो करडा दगड उबदार दिसायला लागतो. मूर्तींवर ऊन तिरकं पडलं की नाकाची, बोटांची, दागिन्यातल्या मण्यांची आपापली सावली पडते, आणि त्या सावलीनेच शिल्प उठून दिसतं. फ्लॅश मारला की नेमकी तीच पुसली जाते. (जाताना वार बघ. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.)

दुसरं म्हणजे, तुझं मंदिर सगळीकडे मागे कललेलं दिसतंय. अंगणात उभं राहून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. कुठल्याही उंच वास्तूचं हेच होतं, मग तो बुरूज असो की मुंबईतलं सीएसएमटी. शक्य तेवढं मागे सरक, कॅमेरा सरळ धर, खाली जास्तीची जमीन आली तर येऊ दे, ती नंतर कापता येते. आणि कैलासाला तर वरूनच पाहायला हवं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, तो वरून खाली कोरत आणला. हे पुस्तकात वाचून डोळ्यांपुढे उभं राहत नाही. लेण्याच्या बाजूने डोंगरावर वाट जाते. तिथून खाली पाहिलं की कातळात बसलेलं अख्खं मंदिर, मागची शंभर फूट खोल कापलेली कड आणि तळाशी बोटभर माणसं, असं सगळं एकदम दिसतं. ती माणसं फोटोत राहू दे. तू त्यांना टाळण्यासाठी बराच खटाटोप केलेला दिसतो, पण दगडी हत्तीशेजारी एखादी बाई उभी असली तरच तो हत्ती केवढा ते कळतं. कडेपासून मात्र दोन पावलं मागे राहा, पावसाळ्यात तिथे शेवाळ असतं.

हे सगळं पहिल्या भेटीत कसं कळणार, असं तू म्हणशील. खरंच कळत नाही. मला वेरूळला पाचव्या वेळी कळलं. म्हणून माझं तुला सांगणं आहे की लांबच्या दहा जागा एकेकदा बघण्याऐवजी जवळची एक जागा वर्षभर बघ. साताऱ्यात राहतोस. अजिंक्यतारा डोक्यावर आहे, यवतेश्वरचा घाट आहे, कास आहे. आणि घरात कढीपत्ता आहे.

कढीपत्त्याचं मी गमतीने लिहीत नाही. उद्या सकाळी कुंडीतल्या कोवळ्या पानांवर बघ. मोहरीएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं दिसलं तर ते बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराचं. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरी, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा तिला डिवचलं तर डोक्यामागून लाल, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. (एकदा पाहिलंस की पुरे, पुन्हा पुन्हा डिवचू नकोस.) मग कोष, आणि साधारण महिनाभरात एका सकाळी चुरगळलेले ओले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येतं.

या महिनाभरात तू फोटोग्राफी शिकशील. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड, दुसऱ्या बाजूला वहीचा कोरा कागद धरून उजळलेली सावली, पंख्याच्या वाऱ्याने हलणारं पान, इतक्या जवळून फोकस केल्यावर एक मिलिमीटर पुढेमागे झालं तरी डोळा धूसर होणं, हे सगळं त्या कुंडीपाशी भेटतं. फोकस हाताने लाव आणि मग रिंग न फिरवता स्वतः किंचित पुढेमागे हो. चहा पिता पिता चुकता येतं, आणि चुकलेलं दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात दुरुस्त करता येतं. जिप्सीत ही सोय नसते. तिथे वाघ चाळीस सेकंद दिसतो, आणि त्या चाळीस सेकंदांत शटरचा वेग किती ठेवायचा ते ठरवायला वेळ नसतो. तो हाताला आधीच माहीत असावा लागतो.

आता डोंगराचं. आपल्या सह्याद्रीत फोटोसाठी सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पावसाने उघडीप दिल्यानंतरचे दोन तास. हवा धुतलेली असते, ढग दरीतून वर येत असतात आणि मधूनच एखादी तिरीप एका टेकडीवर पडून निघून जाते. ती तिरीप कुठे पडणार ते सांगता येत नाही, पण ढग कुठून कुठे सरकतायत ते पाहून अंदाज बांधता येतो. मी यवतेश्वरच्या वळणावर छत्री काखेत धरून दीड-दीड तास उभी राहिले आहे. हिवाळ्यात उलट धुरकट हवेचा उपयोग करून घे. संध्याकाळी झूम लावून लांबच्या रांगा पकड, एकामागे एक फिकट होत गेलेल्या पाच-सहा कडा मिळतात. राजगडावर बालेकिल्ल्यावरून सकाळी सुवेळा माचीकडे आणि दुपार टळल्यावर संजीवनी माचीकडे बघ, मागे तोरणा येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. आता तिथे गर्दी वाढेल. तटबंदीवर चढून फोटो काढणाऱ्यांत तू नसावास.

कासला हे आणखी जपायला हवं. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती, आणि तीवर सगळी फुलं. सीतेची आसवं, गेंद, सोनकी, तेरडा. गालिचा दिसावा म्हणून लोक फुलांत लोळून फोटो काढतात, आणि ज्या जागी एक माणूस आडवा होतो तिथली फुलं त्या वर्षी बी धरत नाहीत. वाटेच्या कडेला गुडघे टेकून, कॅमेरा जमिनीलगत धरूनही तोच गालिचा मिळतो. मी तीस वर्षं तसाच काढते आहे.

हे इतकं पोटतिडकीने लिहिते त्याला कारण आहे. ते कुणाला फारसं सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी तुझ्याहून थोडी मोठी असताना आमच्या अंगणातल्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं होतं. दोन पिल्लं होती. फांद्या आड येत होत्या म्हणून मी दोन फांद्या सुतळीने मागे बांधल्या. सकाळचं ऊन थेट घरट्यात पडलं, आईने तोंडात नाकतोडा आणला, दोन्ही चोची उघडल्या, आणि मला हवा तो फोटो मिळाला. सुतळी दुपारी सोडू म्हणून मी आत गेले. दुपारी आले तेव्हा घरटं रिकामं होतं. फांदीच्या पडद्याआड जे कावळ्याला दिसत नव्हतं ते मी उघडं करून ठेवलं होतं. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत जास्वंदीभोवती ओरडत होती. तो फोटो उत्तम आहे. तो मी कधीही कुठे लावला नाही, कुठल्याही स्पर्धेला पाठवला नाही.

म्हणून विणीच्या काळात घरट्याचा फोटो काढूच नकोस. मोबाईलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला बाहेर काढू नकोस. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला समजून खाणंपिणं सोडून धावत येतो. भिगवणला गेलास तर नावाड्याला आधीच सांग की रोहित (फ्लेमिंगो) उडवायचे नाहीत. थव्याच्या उड्डाणाचा फोटो मिळावा म्हणून नाव थव्यात घालायला सांगणारे पुष्कळ येतात. ते पक्षी लांबून आलेले असतात, पट्टकदंब तर हिमालय ओलांडून. नाव लांब थांबवून ठेवली तर ते चरत चरत आपल्याच दिशेने येतात. ताडोब्यातही चालकाला "अजून जवळ घ्या" म्हणू नकोस, "इंजिन बंद करा" एवढंच सांग. आवाज थांबतो, कॅमेऱ्याची थरथरही थांबते. गाडीच्या कडेवर ठेवायला तांदळाची दोन किलोची पिशवी शिवून घे, तिथे ट्रायपॉडपेक्षा तीच कामाला येते. आणि बगळा, रोहित असे पांढरे पक्षी गडद पाण्यावर असले की एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडं कमी कर, नाहीतर पिसं जळून नुसता पांढरा ठिपका उरतो.

अजिंठ्याबद्दल तू लिहिलंस की "आत अंधार होता, फ्लॅश चालत नाही, म्हणून काही काढलं नाही." पुढच्या वेळी ५० एमएमची एफ १.८ लेन्स ने, ती कमी उजेडातही चालते. स्वस्त मिळते, घ्यायचीच असेल तर ती घे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढव, श्वास सोडून झाल्यावर बटण दाब. थोडे दाणे आले तरी चालतील. तिथली चित्रं मातीच्या लेपावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत आणि ती हळूहळू जात आहेत. रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास लष्करातल्या अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं तिथे राहून त्यांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यातल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेले अजिंठा-वेरूळचे फोटो आजही पाहायला मिळतात. तुझा बुरुजाचा साधा फोटोसुद्धा पन्नास वर्षांनी कुणीतरी समोर धरून "इथे हा दगड होता" म्हणेल. त्यासाठी तारीख, गाव, कुठून काढला, तोंड कुठल्या दिशेला, हे चार शब्द फाइलसोबत लिहून ठेव. आणि सगळं दोन डिस्कवर ठेव, त्यातली एक दुसऱ्या घरी.

एक राहिलंच. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात कोंबू नकोस. माझ्या एका चांगल्या लेन्सच्या आत बुरशीची जाळी अशीच धरली. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

मोठ्या लेन्सची हौस मात्र राहू दे. रविवारी सकाळी सहाच्या आत ये, माझी १००-४०० घेऊन जा आणि महिनाभर वापर. आपण दोघं आधी अजिंक्यताऱ्यावर जाऊ. माझ्या कढीपत्त्यावर सध्या तीन अळ्या आहेत, एक कालच हिरवी झाली. तिचे रोजचे फोटो मी खिडकीत उभी राहून सव्वासातला काढते आहे. आलास की त्या दिवशीचा तू काढ.

आईला म्हणावं, डबा नको, येताना थालीपिठाची भाजणी पाठव.

तुझी,
मावशी