किट कारला हार्नेस बसवतोयस? आधी एवढंच बघ

सुटे भाग जोडून गाडी मस्त जमतेय भावा, पण हार्नेसच्या, म्हणजे रेसिंगवाल्या अनेक पट्ट्यांच्या सीटबेल्टच्या, रंगावर आत्ताच जाऊ नकोस, कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्वस्तातले झगमगीत चार पॉइंटवाले (गाडीला चार ठिकाणी अडकणारे) बघून सगळेच भुलतात. तू सहा पॉइंटचाच घे. चार पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे आवळले की कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो आणि धडकेत माणूस त्याच्या खालून पुढे सटकतो, मांड्यांमधले पट्टे नेमकं तेच थांबवतात. लेबल एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संस्था) ८८५३-२०१६ चं हवं, एक्स्पायरी स्वतः वाच, माल कितीही कोरा दिसला तरी.

बसवताना:
- बोल्ट चासिसलाच, फायबरच्या बॉडीला किंवा नुसत्या पत्र्याला अजिबात नाही. फ्लोअरला घ्यावाच लागला तर खाली किमान ३ मिमी जाड, ४० चौ. सेंमीची स्टील प्लेट.
- खांद्याचे पट्टे सीटमागे जवळपास आडवे, फार तर २० अंश खाली. तिथून थेट फ्लोअरला नेले तर धडकेत मणका दाबला जातो, आणि बरेच नवखे तेच करतात राव.
- कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही.

अ‍ॅडजस्टरच्या (पट्टा अडकवायच्या कडीच्या) तीन दांड्यांतून पट्टा ओवून झाला की शेंडा उलटा वळवून परत आत घालायचा, नाहीतर भार आला की हळूच सरकतो. कोणाचीही गाडी बघायला गेलो की मी आधी सीटमागे वाकून हेच बघतो.

आपल्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, उघड्या गाडीत पट्टे ओले राहतात, पावसाळ्यात काढून घरात ठेव. हार्नेस ट्रॅकवरच, रस्त्यावर साधा तीन पॉइंट बेल्टच. हॅन्सचं (मान सांभाळणाऱ्या रेसिंगच्या कॉलरचं) नंतर बोलू, ड्रिल मारायच्या आधी सीटवर बसून बाजूने फोटो काढून पाठव.